आरे म्हणजे थांबा

आई-बाबा मे महिन्यात इंदूरहून आमच्याकडे मिसिसागाला आले तेव्हाच ठरलं होतं, की या खेपेला नायगारा नको. नायगारा दोनदा झालाय. टोरांटोचा उंच मनोरा झालाय, थाउजंड आयलंड्सची बोट आईने एकटीने केलीये, आणि जवळपासच्या प्रत्येक मॉलमध्ये बसायला बाक कुठे आहेत ते बाबांना पाठ आहे. "ते फ्रेंच बोलणारे लोक राहतात ना तुमच्या शेजारी, तिकडे चला," असं बाबाच म्हणाले. "आणि गाडीने. विमानातून काही दिसत नाही."

तर ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण क्वेबेक प्रांतात चाललोय. मी, प्राजक्ता, आमची नऊ वर्षांची रेवा आणि आई-बाबा. शनिवारी निघायचं, पुढच्या शनिवारी घरी. गेले दोन महिने रात्रीची भांडी आवरली की आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरतो. आपल्या अंकात प्रवासवर्णनं पुष्कळ येतात. ही मात्र निघण्याआधीची हकीकत आहे.

ऑगस्टचा तिसरा आठवडा का, तर जुलैत जाऊ नये म्हणून. क्वेबेकमध्ये जुलैचे शेवटचे दोन आठवडे बांधकाम व्यवसायाला एकदम सुट्टी असते. गवंडी, सुतार, वायरमन सगळे एकाच वेळी मोकळे. त्यांच्याबरोबर बाकीचेही बरेच लोक सुट्टी टाकतात, आणि नदीकाठची चांगली घरं कधीच गेलेली असतात. त्याच्या आधी 24 जूनला त्यांचा प्रांतीय सण. 1 जुलैला सगळा कॅनडा राष्ट्रीय दिवस साजरा करतो तेव्हा मॉन्ट्रियलमध्ये लोक गाद्या आणि फ्रिज जिन्यावरून उतरवत असतात, कारण तिथले बहुतेक भाडेकरार 30 जूनला संपतात. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात गर्दी ओसरलेली असते, रेवाची शाळा अजून उघडलेली नसते आणि पाण्यात देवमासे असतात. फक्त श्रावण असतो. त्याकडे पुढे येतो.

ऑफिसात मी सुट्टीचं बोललो तर सगळ्यांनी एकच नाव घेतलं: गास्पेझी. सेंट लॉरेन्स नदी समुद्राला मिळते तिथलं द्वीपकल्प, टोकाला पेर्से गावासमोर समुद्रात उभा असलेला भोक पडलेला प्रचंड खडक. फोटो बघून आम्हीही हरखलो. पण आमच्या घरापासून पेर्से जवळजवळ 1,500 किलोमीटर आहे, एका बाजूने. आठवड्यात ते करणारे लोक आहेत, पण ते तिशीतले आहेत आणि गाडीतच सँडविच खातात.

आमच्याकडे मोजायचं एकक किलोमीटर नाही, बाबांचा गुडघा आहे. उजवा गेल्या वर्षी बदलला. डावा कधी बदलायचा यावर त्यांचं आणि डॉक्टरांचं एकमत व्हायचंय. बदललेला गुडघा सलग दीड तास बसून राहिला की उठताना आधी परवानगी मागतो. म्हणून मी एक्सेलमध्ये जो तक्ता केला त्यात अंतराच्या शेजारी 'बसणं' नावाचा रकाना आहे. दीड तास, मग वीस मिनिटं चालणं. पहिला आणि शेवटचा दिवस सोडला तर दिवसाला चार तासांच्या वर गाडी नाही. बाबा बहात्तर वर्षांचे आहेत. 'राहिलेलं पुढच्या वेळी बघू' हे वाक्य आमच्या घरात आता कुणी उच्चारत नाही, त्यामुळे काय गाळायचं हे फार काळजीपूर्वक ठरवावं लागलं. पेर्सेचा खडक गाळला. आईने त्याचा फोटो मात्र फोनवर ठेवलाय.

राहिलं ते असं. पहिल्या दिवशी मॉन्ट्रियल, 570 किलोमीटर, वाटेत किंगस्टनला जेवण. रविवारी मॉन्ट्रियल. सोमवारी क्वेबेक सिटी, तिथे दोन रात्री. बुधवारी शार्लव्वाच्या डोंगरातून तादूसाक, तिथे दोन रात्री. शुक्रवारी परत मॉन्ट्रियल, साडेचारशे किलोमीटरच्या वर आहे, पण ते परतीच्या खात्यात टाकलंय. शनिवारी घर. सगळं मिळून 2,100 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे इंदूर ते कन्याकुमारीपेक्षा जरा जास्तच. रस्ते सरळ आहेत आणि मध्ये म्हशी नाहीत.

मॉन्ट्रियलच्या दिवसात सेंट जोसेफचं मोठं चर्च आहे, डोंगराच्या कुशीत. वर जायला 283 पायऱ्या. त्यांतल्या मधल्या 99 लाकडी पायऱ्या गुडघ्यांवर चढणाऱ्या भाविकांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. मी हे वाचून दाखवल्यावर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जुने गुडघे असतील त्यांचे." गाडी बऱ्यापैकी वर जाते आणि पुढे सरकते जिने आहेत, हे मी लगेच सांगितलं.

सोमवारसाठी दोन रस्ते होते. मोठ्या हायवेने अडीच-तीन तास. नाहीतर नदीच्या काठाने जाणारा जुना रस्ता, 'शमँ द्यु र्वा', म्हणजे राजरस्ता. 1737 साली तो पुरा झाला आणि तेव्हा क्वेबेक आणि मॉन्ट्रियल पहिल्यांदा गाडीवाटेने जोडले गेले. अजूनही तो गावागावांतून जातो, चर्चच्या दारावरून, शेतांच्या कडेने. आम्ही अर्धा हा, अर्धा तो असं केलंय. त्र्वा-रिव्हियेर गावापर्यंत हायवे, पुढे राजरस्ता.

हॉटेलांचं आणि विम्याचं थोडक्यात सांगतो. पाच जणांना एक खोली कुणी देत नाही. म्हणून स्वयंपाकघर असलेली छोटी घरं घेतली आहेत, तळमजल्यावरची, आणि पैसे परत मिळतील अशीच. आई-बाबांचा पाहुण्यांचा आरोग्य विमा ओंटारिओबाहेरही चालतो का, हे फोन करून विचारलं आणि उत्तर ईमेलवर मागून घेतलं. औषधांची नावं ब्रँडची नाही, मूळ रसायनाची लिहून घेतली. आपल्याकडची ब्रँडची नावं इथल्या केमिस्टला समजत नाहीत. क्वेबेकमध्ये 811 वर फोन केला की नर्स बोलते, रात्रीसुद्धा. तो नंबर आईच्या वहीत पहिल्या पानावर आहे. या वहीबद्दल सांगायचंच आहे.

पण आधी पाट्या. क्वेबेकमध्ये रस्त्यावरच्या लाल अष्टकोनी पाटीवर STOP लिहिलेलं नसतं. खुद्द फ्रान्समध्ये ते इंग्रजीच असतं, इथे मात्र फ्रेंच शब्द असतो आणि त्याचा उच्चार 'आरे'. रेवाने हे सांगितल्यावर आजोबा इतके खूश झाले की विचारू नका. "म्हणजे आपल्यासारखंच. अरे, थांब की!" तेव्हापासून घरात कुणी जिन्यावरून धावत उतरलं की बाबा खालून ओरडतात, "आरे!"

बाकीच्या पाट्या मी आणि प्राजक्ताने घोकल्या. 'सोर्ती' म्हणजे बाहेर पडायचा फाटा. 'त्राव्हो' म्हणजे रस्त्याचं काम चालू, आणि उन्हाळ्यात ही पाटी सगळ्यात जास्त दिसते. 'एस्त' पूर्व, 'व्वेस्त' पश्चिम. हिरवा दिवा लुकलुकत असेल तर डावीकडे वळायला तुम्हाला मोकळीक आहे, समोरचा थांबलाय. मॉन्ट्रियल बेटावर लाल दिव्याला उजवीकडे वळायचं नाही, ओंटारिओच्या सवयीने वळलात तर दंड. मोबाइलचा नकाशा फ्रेंच नावं इंग्रजी थाटात वाचतो आणि ती ऐकून पाटी ओळखता येत नाही. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला असल्याने यावर माझं मत तिखट आहे, पण उपाय सोपा आहे. नकाशाची भाषा फ्रेंच करायची आणि भाषांतराला रेवाला बसवायचं. ती पहिलीपासून फ्रेंच माध्यमाच्या वर्गात आहे. आता चौथीत जाईल.

'आरे'च्या पाटीमागे एक कायदा आहे. 1977 सालचा, फ्रेंच भाषेची सनद म्हणून ओळखला जातो. कचेरी, कारखाना, दुकान, शाळा, सगळीकडे फ्रेंच. दुकानांच्या पाट्या आधी फक्त फ्रेंचमध्ये असायला हव्या होत्या. 1993 पासून दुसरी भाषाही चालते, पण फ्रेंच ठळकपणे उठून दिसली पाहिजे. बाहेरून आलेल्यांच्या मुलांना फ्रेंच शाळेतच घालायचं. आम्ही टोरांटोऐवजी मॉन्ट्रियलची नोकरी धरली असती तर रेवाच्या शाळेचा निर्णय सरकारनेच केला असता. मला हे सगळं पटतं असं नाही. कुणी कुठल्या भाषेत पाटी लावावी हे मोजपट्टीने ठरवणं मला विचित्रच वाटतं. पण माझ्या टीममधला मॉन्ट्रियलचा एक सहकारी सांगतो, की त्याची आजी तरुण असताना शहरातल्या मोठ्या दुकानात हातमोजे घ्यायला गेली तरी तिला इंग्रजी बोलावं लागे. बहुसंख्य लोक फ्रेंच, गाव त्यांचं आणि काउंटरपलीकडची भाषा दुसऱ्याची. ते ऐकल्यावर मोजपट्टीवर मी जरा हळू हसतो.

प्राजक्ता बेळगावची आहे. पाटीवरून माणसं का पेटतात हे तिला समजावून सांगावं लागत नाही. शाळेत जाताना ती एकाच रस्त्यावर कन्नड, मराठी आणि इंग्रजी वाचत जायची, आणि कुणीही न शिकवता तिला कन्नड वाचता येऊ लागलं. "पाटीवरची भाषा पोरं फुकटात शिकतात," ती म्हणाली, "घरातली शिकवावी लागते." बाबांनी त्यावर मान हलवली. आमच्या घराण्यात मराठी सात पिढ्या इंदुरात आहे. होळकरांच्या दरबारी कारभार मोडीत चालायचा, ते दिवस गेले. राजवाड्यावर भाजी घेताना बाबा स्वतःही हिंदीच बोलतात, त्यात 'भिया' येतोच. "आपली मराठी देवघरात राहिली," असं ते म्हणाले. "दुकानात गेली नाही."

बाबांना इतिहासाचा नाद. क्वेबेक सिटीसाठी त्यांनी माझ्याकडून पंधरा-वीस पानं छापून घेतली आहेत आणि त्यांवर पेन्सिलीने खुणा चालू आहेत. 13 सप्टेंबर 1759 ला या शहराच्या तटाबाहेरच्या पठारावर इंग्रज आणि फ्रेंच लढले. लढाई तासाभरातच आटोपली आणि दोन्हीकडचे सेनापती, वुल्फ आणि माँकाम, दोघेही त्यात गेले. तारीख वाचून बाबा थांबले. सव्वा वर्षाने, 14 जानेवारी 1761 ला, पानिपत. आणि पानिपताच्याच आठवड्यात तिकडे दक्षिणेत इंग्रजांनी फ्रेंचांकडून पाँडिचेरी घेतली. 1763 च्या पॅरिसच्या तहात फ्रान्सला पाँडिचेरी परत मिळाली आणि क्वेबेक कायमचं गेलं. तेव्हा मागे राहिलेले फ्रेंच बोलणारे लोक साठ-सत्तर हजार होते. आज या प्रांताची वस्ती नव्वद लाखांच्या आसपास आहे आणि चारांतल्या सुमारे तिघांची मायबोली फ्रेंच आहे. मोटारींच्या नंबरपाटीवर 1978 पासून एक वाक्य असतं, 'झ म सुव्हियँ'. 'मला आठवतं.' काय आठवतं, ते लिहिलेलं नाही. बाबांना ते फार आवडलं. पठारावर आता मोठी बाग आहे, बाक पुष्कळ आहेत, आणि तिथे अर्धा दिवस मोकळा ठेवा अशी त्यांची सूचना आली. ठेवलाय.

आता आईची वही. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, इंदूरहूनच आणलेली. आईचं इंग्रजी कामापुरतं आहे, पण रेवाचं इंग्रजी तिला उमगत नाही, फार भरभर आणि नाकातून येतं म्हणते. रेवाला मराठी कळते, पण उत्तर इंग्रजीतून येतं. व्हिडिओ कॉलवर ते निभावून जायचं, कारण तिथे 'हाय आजी' आणि 'बाय आजी' यांच्या मध्ये फोन आमच्या हातात असायचा. मे महिन्यापासून दोघी एका घरात आहेत आणि बराच वेळ एकमेकींकडे बघून हसतात. मी गाडीत कोण कुठे बसणार याचा विचार करत होतो तो यासाठी. बाबा पुढे, गुडघा लांब करायला जागा हवी म्हणून. मागे एका खिडकीशी प्राजक्ता, दुसऱ्या खिडकीशी आई, मध्ये रेवा. टॅबलेट घरी. एवढंच मी ठरवलं होतं. वही आईचीच कल्पना.

"मला तिकडे चार वाक्यं बोलता आली पाहिजेत," असं तिने जाहीर केलं आणि रेवाला समोर बसवलं. रेवा म्हणते, आई देवनागरीत लिहून घेते. 'बोंझूर'. 'सील व्हू प्ले', म्हणजे कृपा करून. 'ऊ सों ले त्वालेत', शौचालय कुठे आहे. ही वाक्यं इंग्रजी अक्षरांत लिहिली की वाचताना त्यांचं भजं होतं, पण देवनागरीत ती चोख बसतात. फ्रेंचमधले नाकातले स्वर आपल्या अनुस्वाराने आणि चंद्रबिंदूने सहज निघतात. अडलं फक्त 'र'शी. रेवाचा 'र' घशातून येतो, आईचा जिभेच्या टोकावरून. तीन दिवस 'मेर्सी' जमेना. मग बाबा, ज्यांनी अख्खी तरुणाई मेहदी हसनच्या कॅसेटवर काढली, पेपरातून मान वर न करता म्हणाले, "अगं, ग़ज़लमधला ग़ लाव तिथे." आईने 'मेग़्सी' म्हटलं आणि रेवा उडालीच. शाळेत तिच्या बाईंना जे सहा महिने समजावून सांगावं लागतं ते इंदूरच्या आजीला एका नुक्त्यात आलं.

त्यानंतर वहीचं पान उभं दोन भागांत वाटलं गेलं. कारण वाक्य सांगायच्या आधी आईला नेमकं काय म्हणायचंय हे रेवाला मराठीत विचारावं लागतं, आणि आई इंग्रजी प्रश्नाला उत्तरच देत नाही. डावीकडे फ्रेंच, आईच्या अक्षरात. उजवीकडे त्याचं मराठी, रेवाच्या अक्षरात. रेवाच्या अक्षरातलं 'शौचालय' बघण्यासारखं आहे. मी त्यात पडत नाही.

वहीत सर्वांत जास्त पानं खाण्याची. पुतीन नावाचा पदार्थ तिकडे रस्तोरस्ती मिळतो. तळलेले बटाटे, त्यावर ताज्या चीजचे चावताना चिवचिवणारे तुकडे आणि वरून गरम तपकिरी रस्सा. वर्णन ऐकून आईला तो जवळजवळ उसळ-पोह्यांच्या जातीचा वाटला. पण तो रस्सा बहुधा कोंबडीच्या किंवा गाईच्या हाडांच्या पाण्यात केलेला असतो. त्यांचं पारंपरिक वाटाण्याचं सूप डुकराच्या मांसावर उकळतं. नुसतं 'सां व्हियांद', म्हणजे 'मांसाशिवाय', म्हणून भागत नाही. पाण्याला कुणी मांस समजत नाही. त्यामुळे 'सां बुयों' हेही लिहून घेतलंय. त्यात श्रावण. सोमवारचा उपवास नेमका राजरस्त्यावर येतो. उपवासाला बटाटा चालतो, तेव्हा रस्त्याकडेच्या 'कास-क्रूत'मधले, म्हणजे टपरीतले, नुसते तळलेले बटाटे चालतील असा बाबांचा युक्तिवाद. त्याच तेलात आणखी काय तळलंय, हे फ्रेंचमध्ये कसं विचारायचं, असा आईचा उलट प्रश्न. रेवाने ते वाक्य बनवून दिलं. ते दीड ओळीचं झालं. आईने ते वाचलं, वही मिटली आणि साबुदाणा भिजवायचा डबा बाजूला काढला. कुकर, लहान कढई, लसूण नसलेली सेव दोन किलो आणि पोहे ठरलेले आहेतच.

बुधवारचा रस्ता सुंदर आहे म्हणतात, पण चढ-उतार फार आहेत. तादूसाक गावाच्या अलीकडे साग्ने नदीवर पूल नाही. पुलाने जायचं तर पार शिकुतिमी शहरापर्यंत वळसा. नाहीतर सरकारी तराफा, जिच्यात गाडीसकट चढायचं. दहा मिनिटांत पलीकडे, रात्रंदिवस चालू आणि फुकट. ती हायवेचाच भाग धरली जाते.

या संगमाशी देवमासे येतात. खोल समुद्रातलं थंडगार पाणी इथे येऊन कड्याला धडकतं आणि वर चढतं, त्याबरोबर कोळंबीसारखे बारीक जीव वर येतात आणि त्यांच्यामागे देवमासे. पांढरे बेलुगा तर वर्षभर असतात. त्यांच्यापासून बोटीने 400 मीटर लांब राहायचं असा नियम आहे. बघायचे तीन मार्ग. रबरी वेगवान बोट, जी आम्ही गुडघ्याकडे बघून रद्द केली. मोठी बोट, तीन तास, आत बसायला जागा, शौचालय. किंवा काठावरचे खडक. बेर्जेरोनजवळ एक जागा आहे, तिथे काठालाच पाणी इतकं खोल आहे की देवमासे खडकांच्या अगदी जवळून जातात. थोडं चालावं लागतं.

बाबांना बोटीचं वावडं आहे. ओंकारेश्वरलाही ते झुलत्या पुलावरूनच जातात. म्हणून मोठ्या बोटीची तिकिटं सध्या तीनच काढली आहेत, आई, प्राजक्ता आणि रेवा. मी बाबांबरोबर खडकावर बसेन. परवा रात्री तक्ता बंद करताना मी शेवटचं विचारलं, चौथं आणि पाचवं काढू का, अजून जागा आहे. बाबांनी पानं खाली ठेवली, चष्मा काढला.

"आधी त्या दहा मिनिटांच्या तराफ्यात बसून बघतो," ते म्हणाले. "मग सांगतो."